दहावीनंतरचा उन्हाळा



मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलात, तर दहावीचा शेवटचा पेपर टाकून आलेली मुले लांबूनच ओळखू येतात. दप्तर माळ्यावर गेलेले असते. कुणी कांदा काढायला लागतो, कुणी उसाला पाणी धरतो, कुणी मामाच्या गावच्या लग्नाला जातो तो आठ दिवस परत येत नाही. निकाल मे महिन्यात लागतो, आणि अकरावीचे वर्ग खऱ्या अर्थाने भरू लागेपर्यंत जून उलटून जातो, कधी कधी जुलैही. म्हणजे तीन-साडेतीन महिने झाले. इतका सलग मोकळा वेळ या मुलांना पुढे नोकरीला लागेपर्यंत पुन्हा मिळत नाही. त्या वेळाचे काय करावे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. आणि तेही ज्यांना सायन्सला जायचे आहे, पुढे जमल्यास इंजिनिअर व्हायचे आहे, त्यांच्याविषयी. बाकीच्यांनी सुटी खुशाल भोगावी.

सायन्सला गेलेल्या खेड्यातल्या मुलाची कसोटी दिवाळीत लागते. जूनमध्ये त्याला घरच्यांनी मोठ्या हौसेने कॉलेजात घातलेले असते. दहावीला विज्ञानात चांगले ऐंशी-पंच्याऐंशी गुण असतात, पेढे वाटलेले असतात. दिवाळीला तो घरी येतो तेव्हा गप्प असतो. चाचणी परीक्षेत फिजिक्सला पंचवीसपैकी सहा गुण पडलेले असतात, आणि मुख्य म्हणजे ते सहा तरी कसे पडले हे त्याचे त्याला ठाऊक नसते. "मला सायन्स जमत नाही," एवढेच तो सांगतो. वडील म्हणतात, "आपल्या घरात कुणाला जमलंय? राहू दे." आणि एक चांगला मुलगा शाखा बदलून मोकळा होतो. कला किंवा वाणिज्य शाखा हलकी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ती आवडीने घ्यावी, हरून घेऊ नये. मुलीच्या बाबतीत तर शाखा बदलण्यावरही भागत नाही. मुळात तिला शिरूरला किंवा दौंडला एसटीने रोज पाठवायला घरचे नाखूश असतात. त्यात ती नापास झाली की त्यांना आयतेच निमित्त मिळते.

हीच गोष्ट दोन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुन्हा घडते. तिथे गणिताच्या पहिल्या पेपराला मुले एम-वन म्हणतात आणि एखाद्या घाटाचे नाव घ्यावे तसे ते नाव घेतात. एम-वन राहिला, मेकॅनिक्स राहिला, मग एटीकेटी, मग इयर डाऊन. कर्ज काढून भरलेली फी तशीच राहते आणि मुलगा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतो.

मुले हुशार नाहीत म्हणून असे होते, हे मला पटत नाही. दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये एक पायरी बांधायची राहून गेली आहे, आणि आपण मुलांना तिथून उडी मारायला सांगतो. शहरातल्या मुलाच्या घरी त्या उडीला हात देणारे कुणी तरी असते. मोठी बहीण असते, शेजारचे काका असतात, नाही तर पैसे मोजून लावलेली शिकवणी असते. वाडीवरच्या मुलाला हे काही नसते.

ही पायरी नेमकी कशाची आहे, ते जरा नीट पाहू. पहिली अडचण भाषेची. आपल्या मराठी शाळेत मूल चाल, वेग, त्वरण, बल, संवेग, जडत्व हे शब्द शिकते. चांगले शब्द आहेत, अर्थाला चिकटून आहेत. अकरावीच्या पहिल्या तासाला मात्र सर स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया म्हणू लागतात. मुलाला त्वरण म्हणजे काय ते ठाऊक आहे. पण ॲक्सिलरेशन म्हणजे तेच त्वरण, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. तो नवा शब्द नवी कल्पना समजून पाठ करू लागतो. आता पुष्कळ शाळांतून सेमी-इंग्रजी आले आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते. त्याने शब्दांची ओळख होते हे खरे. पण अनेकदा उलटा घोटाळा होतो. इंग्रजी व्याख्या तोंडपाठ असते आणि ती कशाची, हे मराठीतही सांगता येत नाही.

भाषेची ही अडचण माझ्या मनचे काही नव्हे. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या शाळांत आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या गरीब घरच्या मुलांबरोबर बरीच वर्षे काम केले. मूल अडते ते बऱ्याच वेळा पुस्तकाच्या भाषेपाशी, आणि भाषा सोपी केली की तेच मूल तोच विषय पेलते, असे त्यांना आढळले. हे मराठी पुस्तकाच्या मराठी भाषेबद्दल. मग इंग्रजीची काय कथा!

यावर उपाय म्हणून आता मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायलाही सुरुवात झाली आहे. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक शाखेची एक तुकडी मराठीत सुरू केली. उपक्रम चांगला आहे. पण अकरावी-बारावीच्या सायन्सला आपल्याकडे इंग्रजीशिवाय वाट नाही, ती वाट कशी चालायची हे मुलाला कळलेच पाहिजे. दोन महिन्यांत तीनशे शब्द पुरतात. एका वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि मध्ये त्या शब्दाचे एक उदाहरण, तेही आपल्या गावातले. मध्ये उदाहरण नसेल, तर ती वही नुसते पाठांतर होऊन बसते.

दुसरी अडचण आकडेमोडीची, आणि माझ्या मते ती भाषेहून जड आहे. दहाचा ऋण सहावा घात म्हणजे काय, हे दहावी झालेल्या पुष्कळ मुलांना सांगता येते, पण वापरता येत नाही. अकरावीत पहिल्याच महिन्यात लॉगॅरिदमचा तक्ता हातात पडतो, कारण आपल्या बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, तक्ता चालतो. हा तक्ता कुणी नीट समजावलेला नसेल तर फिजिक्स समजूनही उत्तर चुकते, आणि उत्तर चुकले की मुलगा म्हणतो, फिजिक्सच समजले नाही.

आता ही आकडेमोड कोरडी शिकवायची गरज नाही. दौंडच्या मुलाला रूळ काय नवे आहेत? मनमाडकडे जाणारा फाटा १८७० च्या दशकात सुरू झाला, तेव्हापासून या गावाचे घड्याळच रेल्वेवर चालते. तेरा मीटरचा एक रूळ घ्या. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग एवढे वाढते. पहाटेचे दहा अंश आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या रुळाचे पन्नास अंश धरले, तर फरक चाळीस अंशांचा. तेरा गुणिले चाळीस गुणिले बारा, आणि दहाचा ऋण सहावा घात. करा हिशेब. सहा मिलिमीटरच्या थोडे वर उत्तर येते. जुन्या रुळांत दोन तुकड्यांच्या मध्ये फट का ठेवीत, आणि गाडीचा तो खटखट आवाज कुठून येई, ते मुलाला कळले. आता रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात, मग ही वाढ जाते कुठे? ती स्लीपर आणि खडी दाबून धरतात. हा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गात निघाला की समजावे, सुटी कारणी लागली.

शिरूरच्या बाजूला घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढे बरीच वर्षे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली, घरे मिळाली, पाण्याचा पाट मिळाला. अशा वस्तीचे वय कळते कसे? जळक्या लाकडातला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून. मग साडेतीन-पावणेचार हजार वर्षांनी किती उरेल? निम्म्याहून जास्त, हे कुणीही सांगेल. नेमका किती, हे काढायला लॉगॅरिदम लागतो, आणि ३,६०० वर्षे धरली तर उत्तर सुमारे ६५ टक्के येते. ज्याच्या शेजारच्या गावात हे सापडले, त्या मुलाला तक्ता उघडायचा कंटाळा येत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी येत नाही.

आणि पंपाचा हिशेब तर सगळ्यांत सोपा. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे काय, हे आपल्याकडे सातवीतल्या पोरालाही माहीत असते. निदान ती किती पाणी ओढते आणि किती वेळा जळते ते माहीत असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाचाचे ३,७३० झाले. विहीर वीस मीटर खोल असेल, तर एक लिटर पाणी वर आणायला १९६ ज्यूल लागतात. भागाकार केला तर सेकंदाला एकोणीस लिटर पाणी यायला हवे. मग दोनशे लिटरचे बॅरल पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. ते दहा-अकरा सेकंदांत भरायला हवे होते, पण पुष्कळदा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. उरलेली शक्ती गेली कुठे? मोटर गरम झाली, पाइपात घर्षण झाले, पंपाचा पंखा झिजलेला आहे, फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. कार्यक्षमता हा धडा असा शिकला की आयुष्यभर विसरत नाही. शिवाय एखाद्या घरचे वीजबिलही कमी होते, आणि मग वडील सुटीच्या वर्गाला नावे ठेवीत नाहीत.

सुटीतल्या अशा अभ्यासाची कल्पना नवी नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने पहिला उपग्रह आकाशात सोडला, आणि अमेरिकेला आपल्या शाळांतल्या विज्ञानाची एकदम काळजी वाटू लागली. तिथल्या सरकारने विद्यापीठांना पैसा दिला आणि उन्हाळ्यात शिक्षकांसाठीचे वर्ग वाढले, पाठोपाठ शाळेतल्या मुलांसाठीही वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी अर्नोल्ड रॉस या गणितज्ञाने सुरू केलेला उन्हाळी वर्ग पुढे १९६४ मध्ये ओहायोला गेला आणि मुलांना सोप्या वाटणाऱ्या संख्यांविषयी आठवडेच्या आठवडे विचार करायला लावण्यासाठी प्रसिद्ध झाला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी साहाय्याने विज्ञान शिक्षकांची उन्हाळी शिबिरे सुरू केली. त्या काळच्या कित्येक शिक्षकांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने प्रयोग केला तो अशा शिबिरांत.

महाराष्ट्राने पुढे यात आपली भर घातली. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढले, तिथे गणिताची गोडी असलेली मुले तयार होतात. १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक कुमरेसन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी महिनाभराचे उन्हाळी गणित शिबिर सुरू केले. तिथे शिक्षक व्याख्यान देऊन निघून जात नाहीत, मुलांकडूनच उत्तर काढून घेतात. पुण्याच्या आयुकात, जिथे जयंत नारळीकर पहिले संचालक होते, शाळेतल्या मुलांना सुटीत शास्त्रज्ञांबरोबर काम करायला बोलावण्याची पद्धत पडली. नारळीकरांची एक रीत तुम्ही ऐकली असेल. सही मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सरकारच्या इन्स्पायर योजनेत २००८ पासून अकरावीच्या मुलांसाठी विज्ञान शिबिरे आहेत.

ही सगळी कामे मोलाची आहेत. पण बहुतेक ठिकाणी आधी निवड आहे. गुण पाहून, परीक्षा घेऊन, वरची मुले उचलली जातात. शिरूर तालुक्यातच पिंपळे जगतापला जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथे सहावीला परीक्षा देऊन जाता येते आणि बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. शेजारच्या खेड तालुक्यात कडूसला दक्षणा संस्था आहे, ती गरीब घरच्या निवडक मुलांना वर्षभर ठेवून घेऊन आयआयटी आणि मेडिकलच्या परीक्षांची तयारी करून घेते. त्या मुलांचे भले होते, यात शंका नाही. मला काळजी आहे ती निवडीत न बसलेल्या मुलांची. पासष्ट ते पंच्याहत्तर टक्केवाले, चालत शाळेत येणारे, घरी एक मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर बाहेर गेलेला. इंजिनिअरिंगची बहुसंख्य बाके शेवटी याच मुलांनी भरायची आहेत.

मग क्रॅश कोर्स असतात. सुटी लागली की पुणे-नगर रस्त्यावर त्यांचे फलक झळकू लागतात. बारावीनंतर सीईटीच्या आधी महिनाभर घाईने सगळे उजळून घ्यायचे, याला माझी हरकत नाही. ज्याचे मुळात समजलेले आहे त्याला उजळणीचा फायदा होतो. पण दहावी झालेल्या मुलाला एप्रिलातच अकरावीचा पोर्शन पळवत शिकवायचा, आणि जूनपर्यंत अर्धे पुस्तक संपवल्याची जाहिरात करायची, हा मात्र शुद्ध व्यापार आहे. पाया ओला असताना वर मजला चढवला तर काय होते, ते गवंड्याला विचारा. पालक मंडळींनी पैसे भरण्यापूर्वी एकच विचारावे : एका वर्गात मुले किती, आणि मुलाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देणार कोण? शंभर मुलांच्या वर्गात प्रश्न कुणी विचारीत नसतो.

याहून वेगळी वाट याच शिरूर तालुक्यात आहे, आणि तिची माहिती आपल्याच लोकांना कमी, परदेशात जास्त. पाबळ हे शिरूर तालुक्याच्या कोरड्या भागातले गाव. तिथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकून आलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर काम केलेले. ते सोडून ते पत्नी मीराताईंसह अशा गावी येऊन राहिले. शाळेतून गळलेली मुले त्यांनी हाताशी धरली. हाताने काम करता करता माणूस शिकतो, आणि ते शिक्षण पुस्तकापेक्षा पक्के बसते, हा त्यांचा विश्वास. आश्रमातली मुले लोखंडकाम करतात, वेल्डिंग करतात, घुमटाकार घर उभे करतात, जमिनीचा विद्युत्-रोध मोजून खाली पाणी असेल का याचा अंदाज घेतात, गावच्या बायाबापड्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन तपासतात. आठवी ते दहावीच्या शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो विषय पुढे आला, त्याचे मूळ इथले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या धर्तीची फॅब लॅब पाबळला आली, आणि ती एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी होती. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, गळलेल्या मुलांच्या शिक्षणाचा आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांचा संबंध काय? संबंध असा की, घुमट बांधताना कोन मोजावा लागतो. सळई किती लागेल त्याचा अंदाज काढावा लागतो, आणि अंदाज चुकला तर पैसे जातात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या कागदावर एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने काढायची असते. ज्याने कधी दाराची बिजागरी बसवलेली नाही, त्याला ती वस्तू डोळ्यांपुढे दिसत नाही. खेड्यातल्या मुलाने बिजागरी बसवलेली असते, मोटर खोललेली असते, ट्रॅक्टरचा नांगर जोडलेला असते. हे त्याचे भांडवल आहे. पण हे भांडवल म्हणजेच मेकॅनिक्स, असे त्याला कुणी सांगत नाही, आणि तो ते कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जातो.

मी काही उन्हाळे अशा मुलांना शिकवण्यात घालवले आहेत, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. वर्ग सकाळी सातला भरवावा आणि दहाला सोडावा. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही, आणि घरची कामेही थांबत नाहीत. कांदा काढायच्या दिवसांत आठवडाभर वर्ग बंद ठेवावा लागला तर ठेवावा. मुले पंचवीस-तीसच्या वर घेऊ नयेत. जागेचा प्रश्न नाही, शाळा सुटीत रिकाम्याच असतात. शाळेची किल्ली कुणाकडे आहे एवढाच प्रश्न असतो, आणि तो सोडवायला कधी कधी गणितापेक्षा जास्त वेळ लागतो. प्रयोगशाळेचे कपाट उघडले तर आत बऱ्याच वेळा नवी कोरी उपकरणे निघतात. फुटतील या भीतीने ती बाहेर काढलेलीच नसतात.

शिकवायला माणसे मिळतात. दौंडमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले लोक घरोघर आहेत. सिग्नल खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस विजेचे मंडल जसे समजावतो तसे पुस्तकाला जमत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ इथल्या औद्योगिक वसाहतींत तरुण इंजिनिअर आहेत, साप्ताहिक सुटीला त्यांतले दोघे जरी आले तरी पुष्कळ झाले. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे गावातलाच, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी. आपण कुठे अडखळलो होतो ते त्यांना ताजे आठवत असते. मुलगी शिकवायला असली तर वर्गात मुलींची संख्या वाढते, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. आईबाप शब्दाने समजत नाहीत, माणूस पाहून समजतात.

एका वर्षीची गोष्ट आहे. दौंड तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी वर्गात आली. घरचे गुऱ्हाळ होते. पहिला आठवडा ती एक शब्द बोलली नाही. रसायनशास्त्रात आम्ल आणि अल्कली आले, त्या दिवशी मी विचारले, "उसाच्या रसात चुन्याची निवळी का घालतात?" वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, "नाही घातली तर गूळ धरत नाही, काळा पडतो." मी म्हटले, का? म्हणाली, "रस आंबट असतो. चुना त्याला मारतो." मारतो हा शब्द तिचा. न्यूट्रलायझेशनचे इतके नेमके भाषांतर मी तरी दुसरे ऐकले नाही. मग भेंडीच्या चिकाने मळी वर कशी येते, काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास आला की उतरवायचा हे गुळव्या थर्मामीटरशिवाय कसे ओळखतो, पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर असताना रसाचा पाक त्याच्या वर कसा जातो, हे सगळे तिनेच वर्गाला सांगितले, निम्मे मराठीत, निम्मे नव्या वहीतल्या इंग्रजी शब्दांत. तिला गणित अवघड गेले, पुढेही जात राहिले. पण दिवाळीला ती गप्प नव्हती.

अशा वर्गाने सगळी मुले इंजिनिअर होतील असे नाही. काही मुलांना दोन महिन्यांत कळते की हे आपले काम नव्हे, आपल्याला आयटीआयला फिटर व्हायचे आहे किंवा बी.ए. करून स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. मे महिन्यात, फी भरण्यापूर्वी हे कळले, तर तोही फायदाच म्हणायचा. कॉलेजांनीही आपल्या दारात उभे राहून वाट पाहू नये. आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सुरुवातीचे काही आठवडे परिचयाचे कार्यक्रम होतात, तसे अकरावीलाही पहिले पंधरा दिवस फक्त शब्द, घात, आलेख आणि तक्ता यांनाच द्यायला काय हरकत आहे? पोर्शन पंधरा दिवस मागे पडेल, पण मुले मागे पडणार नाहीत.

तोपर्यंत जे घरी करता येईल ते करावे. ज्यांच्या गावात कुठलाच वर्ग नाही, त्या मुलांना एक काम सांगतो. उद्या सकाळी विहिरीवर जा. हातात घड्याळ घ्या, मोबाइलमधले चालेल. काठावरून एक खडा नुसता सोडा, फेकू नका. पाण्याचा आवाज येईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. असे पाच वेळा करा आणि सरासरी काढा. त्या सेकंदांचा वर्ग करा, त्याला ४.९ ने गुणा. जे उत्तर येईल ते मीटर. दोन सेकंद आले तर विहिरीचे पाणी वीस मीटरला थोडे कमी, म्हणजे जुन्या भाषेत दहाएक परस खाली आहे. मग दोर सोडून खरे मोजा. दोन्ही आकड्यांत फरक येईल. तो का येतो, याची निदान तीन कारणे वहीत लिहा. आवाजाला वर यायला लागणारा वेळ हे एक कारण मीच सांगून टाकतो, उरलेली दोन तुमची. आणि हो, खडा सोडण्यापूर्वी आत कुणी पोहत नाही ना, तेवढे वाकून न पाहता हाक मारून विचारा.